ताटाखालचं ओलं फडकं

आमच्या घरातून सुतळी, सायकलची फाटकी ट्यूब आणि विरलेला टॉवेल सहजासहजी बाहेर जात नाही. मी जाऊ देत नाही. आमच्या गावच्या शुक्रवार पेठेतल्या तीन खोल्यांत माणसं दोन आणि पसारा दहा जणांचा, असं मुलगी म्हणते. पण पुण्याच्या तिच्या फ्लॅटमधली पडद्याची दोरी निसटली की फोन मलाच येतो.

नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे पाण्याच्या दिवशी माझी खरी परीक्षा असते. नळावरून पाइप निसटू नये म्हणून मी ट्यूबची पट्टी करकचून बांधते. पिंप भरलं की नाही हे बघायला सारखं उठावं लागू नये म्हणून त्यात प्लास्टिकचा एक लाल चेंडू सोडते. पिंपाच्या काठावर चेंडू दिसला की स्वयंपाकघरातूनच कळतं, आता पाइप दुसरीकडे लावा. गल्लीत मला मागून ‘सोयकाकू’ म्हणतात. मागून म्हणतात असं त्यांना वाटतं, मला सगळं ऐकू येतं. राग येत नाही. माणसाचा अर्धा वैताग किरकोळ गोष्टींचा असतो आणि किरकोळ वैतागाला किरकोळ उपाय सापडतो, असं माझं मत आहे.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी दाढी करताना यांच्या हातातलं रेझर खाली पडलं. हे म्हणजे माझे यजमान, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. रेझर उचलायला वाकले, आणि त्यांना ते उचलताच येईना. अर्धांगाचा झटका होता. पाय पुढे काठीच्या आधाराने चालायला लागला, बोलणं जरा संथ झालं पण स्पष्ट राहिलं. उजवा हात मात्र गेला तो गेलाच. ज्या हातानं इतकी वर्षं फळ्यावर वर्तुळं काढली, तो मांडीवर पडून राहायला लागला.

दवाखान्यात मी रडले नाही. तिथं धावपळच इतकी होती. रडले ते घरी आल्यावर, त्यांच्या पायजम्याची नाडी बांधताना. मी खाली मान घालून गाठ मारत होते आणि हे छताकडे बघत उभे होते. दोघांनाही दुसरीकडे कुठे बघायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी सगळ्या पायजम्यांच्या नाड्या उपसून काढल्या आणि इलॅस्टिक घातलं.

मग मी थांबलेच नाही. शर्टाची बटणं वरून तशीच ठेवली, आतून चपलांना असते तशी चिकटपट्टी शिवली. बघणाऱ्याला कळत नाही, एका हातानं दाबलं की शर्ट बंद. मोरीत साबण हातातून सटकायचा, तर जुन्या मोज्यात साबण घालून तो नळाला टांगला. मोरीच्या दाराची कडी जड होती, तिला पट्ट्याचा तुकडा अडकवला, ओढला की कडी सरकते. एका फळीला उलट्या बाजूनं दोन खिळे ठोकून घेतले. त्या खिळ्यांवर भाजी खोचायची, म्हणजे ती हलत नाही, आणि एका हातानं चिरता येते. ही फळी यांना फार आवडली. भाजी चिरणं हे त्यांचं खातंच झालं. भेंडी तिरकी आणि जाड चिरायचे, पण मी काही बोलले नाही. एकदाच बोलले, तेव्हा दोन दिवस मला माझी मीच चिरावी लागली.

या सगळ्यामागं माझा हिशेब एकच होता. यांना हाक मारावी लागू नये. सुरुवातीला हाक मारायची वेळ आली की हे आधी नुसते खाकरायचे. मग पुन्हा खाकरायचे. मी गेले नाही तर काम सोडून द्यायचे, पण ‘अगं, जरा येतेस का’ हे तोंडातून निघायचं नाही. पंचवीस-तीस पोरांच्या वर्गाला हुकूम सोडलेला माणूस, त्याला मदत मागायची सवयच नव्हती. तेव्हा मी ठरवलं, मागायची गरजच ठेवायची नाही. जिथं जिथं खाकरणं ऐकू येईल तिथं तिथं काहीतरी ठोकायचं, शिवायचं, बांधायचं.

एक गोष्ट मात्र जमत नव्हती. दवाखान्यातून आल्यापासून हे माझ्याबरोबर जेवायला बसत नव्हते. मी ताट वाढलं की डाव्या हातात ते घेऊन, काठी तिथंच ठेवून, भिंतीच्या आधारानं मागच्या खोलीत जायचे आणि दार लोटून घ्यायचे. लग्न झाल्यापासून आम्ही एकत्र जेवलो आहोत. जेवताना भांडलो आहोत, मुलीला कुठल्या कॉलेजात घालायचं ते जेवताना ठरवलं आहे. आता स्वयंपाकघरात मी एकटी आणि दारामागून चमच्याचा आवाज.

मला वाटलं, सांडतं म्हणून लाजतात. डाव्या हाताला सवय नाही, आमटी शर्टावर पडते, ताट सरकतं, बायकोसमोर तरी कशाला शोभा. म्हणून मी ताटाच्या मागं लागले. ताटाखाली ओलं फडकं पसरलं की ताट जागचं हलत नाही, हा शोध त्यातलाच. मग उभ्या काठाचं ताट आणलं, म्हणजे घास काठाला लावून उचलता येतो. चमच्याच्या दांड्याला टॉवेलची पट्टी गुंडाळून तो जाड केला. मऊ भाकरी एका हातानं तुटत नाही, तर कडक भाकरी आणायला लागले. ती मुठीनं चुरली आणि वर आमटी ओतली की झालं, त्याला दुसरा हात लागतच नाही. हे सगळे उपाय लागू पडले. सांडणं थांबलं. शर्ट कोरडा राहायला लागला. दार काही उघडलं नाही.

‘आता तर काही सांडत नाही,’ मी एकदा म्हणाले.

‘सांडण्याचं काय एवढं,’ हे म्हणाले आणि ताट घेऊन आत गेले.

मला त्या उत्तरात काहीच सापडलं नाही. मी आणखी जड ताट शोधायला लागले.

अशात मुलीचं लग्न ठरलं. मुलगा तिचा तिनंच पसंत केलेला, मंडळी बार्शीकडची, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान असलेली, मोकळी माणसं. मुलीनं पुण्याहून फोनवर सांगितलं, ‘आई, पंगत नको. बुफेच ठेवू.’ का ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बापासाठीच चाललं होतं ते. उभ्यानं जेवणाऱ्या गर्दीत कोण जेवलं आणि कोण नाही, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

यांनी लगेच मान डोलावली. ‘बुफेच बरा. मी आधी खोलीत काहीतरी खाऊन घेईन.’

माझं डोकं फिरलं. ‘मुलीच्या लग्नात बाप लपून जेवणार?’

‘लपून नाही. बाजूला.’

‘व्याही काय म्हणतील? त्यांच्या शेजारी कोण बसणार? मी?’

‘माझ्या धाकट्या भावाला बसव.’

‘भावाला कशाला? बाप जिवंत आहे ना मुलीचा?’

हे बोलायला नको होतं. पण बोलून गेले, आणि ते मी परतही घेणार नव्हते. मला व्याह्यांची भीती नव्हती. भीती ही होती की एकदा का लेकीच्या लग्नात हे खोलीत बसले, की मग सणाला, बारशाला, जावई घरी आला तरी खोलीतच बसतील. हळूहळू ते दार जेवणापुरतं राहणार नाही. शेजारच्या गल्लीत अशी दोन माणसं मी बघितली आहेत, जिवंतपणी घरातून वजा झालेली.

लग्नाआधी यांच्या थोरल्या बहिणीनं आम्हाला केळवणाला बोलावलं. लग्न ठरलेल्या मुलीला आणि तिच्या आईबापांना नातेवाइकांनी जेवायला घालायचं, हे केळवण. आमच्या वन्सं लग्न होऊन नातेपुत्याला गेल्या त्याला चाळीस वर्षं झाली. शेती, गोठा, शेरडं सगळं त्यांनी सांभाळलं आणि बोलणंही तिथलंच झालं. त्यांना नाही म्हणायची आमच्या घराण्यात कुणाची छाती नाही. मुलगी पुण्याहून आली आणि आम्ही गाडी करून निघालो. टेंभुर्णीला चहाला थांबलो. मुलगी म्हणाली, ‘बाबा, इडली सांगू?’ हे म्हणाले, भूक नाही. डाव्या हातानं चहा घेतला. चहाला त्यांची कधीच हरकत नव्हती, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

वन्संनी सोप्यात लांब टेबल मांडलं होतं. यांना खाली बसवत नाही म्हणून सगळ्यांनाच खुर्च्या. ताटाभोवती रांगोळी, पुरणपोळी, कटाची आमटी, वरणभात, सगळं साग्रसंगीत. हे दारातच थबकले.

‘आक्का, मी आत बसतो.’

‘आत? आत कुटं? आत करडू बांधलंय शेळीचं. त्याच्यासंगं जेवतोस व्हय?’

मुलीला हसू आलं. यांनाही आलं. बहिणीपुढं गणिताचे मास्तर पुन्हा चड्डीतले झाले आणि खुर्चीवर येऊन बसले. मी घाईघाईनं पिशवीतून फडकं काढलं, ओलं करून ताटाखाली सारलं, जाडा चमचा डाव्या बाजूला ठेवला. सगळी तयारी झाली होती.

हे सुरुवात करेनात.

वडीलधारा माणूस हात लावत नाही तोवर बाकीचे कसे लावणार? सगळे थांबले. यांचा डावा हात पाण्याच्या पेल्याकडं गेला, पेला उचलला, आणि तसाच ठेवला. मला वाटलं तहान लागली असेल, मी पेला काठोकाठ भरला. यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी तांब्या घेऊन तशीच उभी राहिले.

‘आरं, चालू कर की,’ वन्सं म्हणाल्या.

‘आक्का, पाणी कसं फिरवू?’

तेवढंच म्हणाले. त्या टेबलावर ते फक्त वन्संना कळलं, आणि थोडं उशिरानं मला.

आमच्याकडं मुंज झालेला पुरुष एकदम जेवायला लागत नाही. आधी उजव्या तळव्यात पाणी घेऊन ताटाभोवती फिरवतो, ताटाशेजारी भाताची चार शितं ठेवतो, तळव्यातून घोटभर पाणी पितो, आणि मग पहिला घास. आता फारसं कुणी करत नाही. हे करायचे, रोज, न चुकता, घाईत असले तरी. मी ते इतक्या वर्षांत हजारो वेळा बघितलं असेल. बायका करत नाहीत. माझ्या लेखी तो जेवणाचा भागच नव्हता. हे पाणी फिरवत असताना मी बहुतेक तूप वाढत असायची.

‘डाव्या हातानं फिरव की,’ वन्सं म्हणाल्या. ‘द्येव काय हात बघतोय व्हय?’

‘मला नाही जमत.’

‘मग नको फिरवू. एक दिवस नाय फिरवलं तर काय हुतंय?’

‘एक दिवस?’ हे म्हणाले. ‘आक्का, दोन वर्षं झाली. पाणी न फिरवता घास घेतला की चोरून खाल्ल्यासारखं वाटतं. मग चोरून खायचं तर दार लावून खावं. चारचौघांत बसून कशाला खायचं?’

मुलगी रडायला लागली. मला रडू आलं नाही, मला माझाच राग आला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी माझी तऱ्हा. दोन वर्षं मी ताटाला काठ लावत बसले, चमच्याला पट्ट्या गुंडाळल्या, आणि या माणसाचं जेवण अडलं होतं ओंजळभर पाण्यापाशी. विचारलं असतं तर सांगितलंही नसतं, ते वेगळं. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही अशी ही जात.

वन्सं उठायला लागल्या, पण मी जवळ होते. यांचा उजवा हात मांडीवरून उचलला. जड होता आणि गार. बोटं उलगडून तळव्याची वाटी केली, तांब्यातलं पाणी त्यात सोडलं आणि हात ताटावरून फिरवायला लागले. कुठून सुरू करायचं तेही मला माहीत नव्हतं.

‘असं नाही, इकडून,’ हे हळूच म्हणाले, आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटायला लागले. त्यांच्या दोन बोटांत माझी दोन बोटं घालून शितं ठेवली. मग त्यांनी डाव्या हातात जाडा चमचा घेतला आणि पुरणाचा पहिला घास सगळ्यांसमोर घेतला. वन्सं पदर तोंडाला लावून म्हणाल्या, ‘घ्या, घ्या आता सगळीजणं. आमटी गार हुईल.’

परतताना गाडीत हे झोपले. मी मुलीला सांगितलं, बुफे राहू दे, पण थोरामोठ्यांची एक पंगत बसवायची.

घरी मग रोज मीच हात धरून पाणी फिरवायला लागले आणि आम्ही पुन्हा एका टेबलावर आलो. पण लग्नात मुलीची आई काय नवऱ्याशेजारी बसून राहणार? तिला शंभर कामं. तेव्हा माझं डोकं पुन्हा चालू झालं. डाव्या हातानं उजवं मनगट धरून हे स्वतः फिरवू बघायचे, पण तळव्याची वाटी राहायची नाही, पाणी बोटांतून गळून जायचं. मी एक छोटी पळी रबरानं त्यांच्या तळव्याला बांधून बघितली. त्यांनी त्या पळीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

‘अगं, प्रत्येक गोष्टीला काहीतरी बांधायचं नसतं,’ ते म्हणाले. मी रबर सोडलं.

शेवटी वन्संनी त्यांच्या एका बाजूला बसायचं असं ठरलं. दुसऱ्या बाजूला व्याही. कागदावर सगळं ठीक होतं. लग्नाच्या दिवशी मुलीच्या सासूबाईंनी वन्संना हाताला धरून बायकांच्या पंगतीत नेलं आणि शेजारी बसवलंसुद्धा. विहिणीचा आग्रह, मोडायचा कसा? मी तेव्हा आत ओटीचं सामान शोधत होते. कुणीतरी धावत सांगत आलं, पुरुषांची पंगत खोळंबली आहे.

मी तुपाचं भांडं हातात घेऊन तशीच निघाले. सभागृहाच्या दारात वन्संही येऊन पोचल्या होत्या, ताटावरून उठून. पंगतीत सगळ्यांची ताटं वाढून झाली होती, माणसं हात मांडीवर ठेवून बसली होती, आणि सगळे मुलीच्या बापाकडं बघत होते. वैशाखातला उकाडा, पंखे नुसते गरम वारा ढकलत होते. यांच्या एका बाजूची खुर्ची रिकामी. यांचा चेहरा उतरला होता. नजर मागच्या दाराकडं गेली, तिकडंच वधूपक्षाची खोली होती. मी ती नजर ओळखते. मी पाऊल उचललं.

वन्संनी माझं मनगट धरलं. ‘थांब, वैनी. जाऊ नगंस.’

‘अहो वन्सं, ते उठतील आता.’

‘उठू दे. पर तू जाऊ नगंस.’

हे खाकरले. मग पुन्हा खाकरले. मग व्याह्यांकडं वळले.

‘माझं एक काम कराल का?’ आवाज दारापर्यंत ऐकू आला. ‘हा हात चालत नाही. जेवायच्या आधी मला ताटाभोवती पाणी फिरवायचं असतं. जरा धराल?’

सगळी पंगत बघत होती. मुलीच्या बापानं मुलाच्या बापाकडं असं काही मागितलेलं मी तरी कधी बघितलं नाही. व्याह्यांना क्षणभर काही कळलं नाही. त्यांच्याकडं ही पद्धत नव्हती. मग ते खुर्ची सरकवून जवळ आले आणि आपल्या दोन्ही हातांत यांचा हात घेतला.

‘कसं धरायचं? सांगा तुम्ही.’

‘अशी वाटी करा. हां. आता पाणी.’

व्याह्यांनी एका हातानं पेला उचलून पाणी ओतलं. अर्धं तळव्यात पडलं, अर्धं त्यांच्या नव्या सदऱ्याच्या बाहीवर.

‘कुठल्या अंगानं?’

‘घड्याळासारखं.’

जाडजूड, कामाच्या त्या हातांनी यांचा हात सावकाश ताटाभोवती नेला. यांचे ओठ हलत होते. शितं ठेवताना व्याह्यांनी जास्तच भात उचलला, हे म्हणाले, चालतं. मग तळव्यातला घोट. माझ्या हातातलं भांडं कधी तिरकं होऊन तूप साडीवर ओघळलं मला कळलं नाही.

व्याह्यांनी यांचा हात अलगद मांडीवर ठेवला आणि विचारलं, ‘आता?’

‘आता जेवायचं,’ हे म्हणाले.